सदऱ्याचा कागद

मी कागद बोलतोय. कोरा दिसतो, पण कोरा नाही, उगाच गैरसमज नको. उजव्या कोपऱ्याशी जरा डोळे बारीक करून बघा. पेन्सिलीचं एक अक्षर दिसेल. सगळं रामायण त्याच्यापायी घडलं.

आधी मी एका सुताराचा सुती सदरा होतो. माणूस तिरसट. मुलीने चित्रकार व्हायचं ठरवलं तेव्हा, "पुन्हा या घरात पाऊल टाकू नकोस," असं बोलून बसला. तीही त्याचीच लेक. सहा वर्षं नाही टाकलं.

एका दुपारी त्याने कानावरची पेन्सिल काढून चिठ्ठी लिहिली. लिहिताना पुटपुटायची सवय, त्यामुळे मला सगळी ऐकू आली. घडी करून माझ्या खिशात ठेवली. टपालपेटीपर्यंत चारदा जाऊन आला, पण हात काही पुढे होईना. पाचव्यांदा जायच्या आत तोच गेला.

आईने त्याचे कपडे लेकीकडे पाठवले. लेक तेव्हा हातकागदाच्या एका कारखान्यात तीन महिने राहायला आली होती. तिथे चित्रकारांना राहून हवे ते प्रयोग करू देत. तिला बाबांच्या कपड्यांचा कागद करायचा होता.

तिथल्या म्हाताऱ्या कारागीरकाकांनी बजावलं होतं, "आधी खिसे बघ, गुंड्या काढ, मग कातर."

गुंड्या तिने काढल्या. पण बाबांच्या खिशात न विचारता हात घालायचा नाही, ही लहानपणापासूनची ताकीद. खिशापाशी गेलेला हात मागे आला. वेडी पोर!

माझ्या चिंध्या झाल्या, कुटून लगदा झाला, हौदातून तिने मला जाळीवर उचललं. वाळत घातल्यावर तिला दिसलं. अंगभर करडे ठिपके आणि कोपऱ्यात धड उरलेलं एकच अक्षर: 'ये'.

"काका, खिशात चिठ्ठी होती हो!"

"अगं, बाप 'ये' म्हणतोय की. आणखी काय पाहिजे तुला?"

"आणि 'येऊ नये'मधला 'ये' असला तर? आधीचं फाटलंय सगळं."

तिने चाळणी घेऊन अख्खा हौद उपसला, हाताला काही लागलं नाही. मग माझ्यासमोर बसून रडली. मला फार वाईट वाटलं, पण सदऱ्याला नव्हतं तसं कागदालाही तोंड नाही.

बाकीच्या कागदांवर तिने रंग ओतले, टाके घातले. मला तसंच प्रदर्शनात टांगलं आणि खाली पाटी लावली: 'नये'. लोक येतात, "वा, काय पोत आहे," म्हणतात, पुढे सरकतात. आज शेवटचा दिवस. संध्याकाळी ती सामान बांधेल आणि घराकडे पाठ करून कुठेतरी निघून जाईल.

म्हणून तुम्हाला सांगतो. तो पुटपुटला होता ते असं: "माझं चुकलं. तुझ्या चित्रांसाठी मेज करायला घेतलंय. उंची किती हवी ते सांगायला तरी ये."

जाता जाता एवढं कराच. त्या पाटीवरचा 'न' तेवढा खोडा.