कोरडं अंथरूण

मारोतीला अर्धांगवायू झाला त्याला सव्वा वर्ष झालं होतं, आणि त्या सव्वा वर्षात सत्यशीलाला एकही रात्र सलग झोप मिळाली नव्हती. नवऱ्याचा उजवा हात गेला, तो पाय ओढत चालू लागला, हे तिने फार मनाला लावून घेतलं नाही. माणूस राहिला हेच खूप. पण रात्री अंथरूण ओलं व्हायचं. रोज, कधी दोनदा, कधी तीनदा. मुलगा राजदीप लोहाऱ्याला कामाला होता, त्याने डायपरचं पुडकं आणून दिलं. उन्हाळ्यात त्या डायपरने मारोतीच्या मांड्या अशा सोलवटून निघाल्या की तिने ते पुडकं उचलून कोपऱ्यात फेकलं आणि आपली रीत धरली. खाली खताचं पोतं फाडून अंथरायचं, वर जुन्या लुगड्याच्या चार घड्या. रात्री उठून ओली घडी ओढायची, कोरडी सारायची, सकाळी धुऊन कुंपणावर वाळत टाकायची. कुंपण रस्त्याला लागून. त्यामुळे घाटंजीच्या बाजाराला जाणाऱ्या अर्ध्या गावाला मारोतीच्या रात्रीची खबर फुकटात मिळायची.

मारोती त्या कुंपणाकडे पाठ करून बसायचा. जन्मभर गवंडीकाम केलेला माणूस. गावातल्या बुद्धविहाराचा ओटा त्याच्या हातचा, आणि वीस वर्षं तिथे दर पौर्णिमेला वंदना तोच सांगायचा. आता बोलताना शब्द अडखळत, पण त्रिशरण-पंचशील मात्र सुरुवात केली की शेवटपर्यंत सरळ येई. तरी सव्वा वर्षात तो विहाराकडे फिरकला नव्हता. कोणी विचारलं तर म्हणायचा, "माह्या आंगाले वास येते."

शेवटी शेजारच्या इंदूबाईने तोडगा काढला. "दिवस बुडल्यावर पाणीच देऊ नोको वो बाई. आत जाईन नाही, तं बाहीर येईन कोठून?"

हिशेब इतका सोपा की आपल्याला आधी का सुचला नाही, याचंच सत्यशीलाला नवल वाटलं. तिने संध्याकाळी माठावर झाकण टाकलं ते टाकलंच. दुसऱ्या रात्री तीनदाचं एकदा झालं. चौथ्या रात्री काहीच नाही. ती उजाडेपर्यंत मेल्यासारखी झोपली, आणि उठून घड्यांना हात लावला तर सगळ्या कोरड्या. त्या सकाळी दोघी बाया अंगणात चहा पीत अशा बसल्या, जशी काही सरपंचकी जिंकून आल्या होत्या.

त्याच आठवड्यात महिला मंडळाची साधना घरी आली. "काका, बुद्ध पौर्णिमेची वंदना तुम्हीच सांगा. गाडी पाठोतो, खुर्ची मांडतो. बसून सांगा."

मारोती नाही म्हणाला नाही. सव्वा वर्षात त्याचा चेहरा सत्यशीलाने असा पाहिला नव्हता. साधना गेल्यावर तो म्हणाला, "सकाऊन आठपासून दुपारच्या जेवणालोक बसा लागीन. पांढऱ्या कपड्यावर सारंच दिसते."

तेव्हापासून दिवसाचं पाणीही त्याने तोडलं. गोळीपुरते दोन घोट. सत्यशीलाला दिसत नव्हतं असं नाही. बाहेर पंचेचाळीस डिग्री ऊन, माठातलं पाणी तसंच्या तसं, त्याचे ओठ पापुद्र्यांनी भरलेले. पण तो विहारात पुढे बसलेला तिला पाहायचा होता. आणि खरं सांगायचं तर तिला झोप हवी होती. झोपेची चटक लागली की माणूस फार प्रश्न विचारत नाही. ती एकदाच म्हणाली, "घोटभर तरी घ्या." तो म्हणाला, "पौर्णिमा झाल्यावर." तिने ऐकलं.

पौर्णिमेच्या पहाटे तिने अंथरुणात हात घातला. कोरडं. ती खुशीत त्याला उठवायला गेली, तर अंग तव्यासारखं तापलेलं. तो तिच्याकडे पाहून भलत्याच नावाने हाका मारत होता, रात्रीच घालून ठेवलेला पांढरा सदरा अंगावरून ओढून काढत होता. त्याला ऑटोत घातलं तेव्हा विहाराच्या भोंग्यावर दुसरंच कोणी वंदना सांगत होतं.

यवतमाळच्या दवाखान्यात डॉक्टरने विचारलं, "लघवी किती झाली?"

"नाही झाली, साहेब," सत्यशीला म्हणाली. "दोन दिवस झाले, रातदिन एकदम कोरडे हाये." हे सांगताना तिच्या आवाजात थोडी शाबासकी होती. डॉक्टरने लिहिणं थांबवून तिच्याकडे पाहिलं, आणि तिने माठावरच्या झाकणाचं सांगून टाकलं.

नवव्या दिवशी त्याला घरी आणलं. मूत्रपिंडं थोडक्यात वाचली, असं डॉक्टर म्हणाले. डोक्याचं काही सांगता येत नाही. दिवसाला आठ ग्लास पाणी द्या, थोडं थोडं, अंथरूण ओलं होऊ द्या.

तिने पहिला ग्लास ओठांशी नेला. मारोतीने दात आवळले. "नोको. उद्या पौर्णिमा हाये."

"औषध हाये," ती म्हणाली. दात तसेच. "सरबत हाये." तसेच. "भिजवा अंथरूण, मी धुईन. कितीही बार धुईन." त्याने मान फिरवली. घोटभर वरणाचं पाणीसुद्धा त्याने घेतलं नाही. दुपार झाली तेव्हा तिचा धीर सुटला. ती म्हणाली, "पौर्णिमा होऊन गेली. नऊ दिवस झाले."

तो तिच्याकडे पाहत राहिला. "मंग मले काहून नाही नेलं?"

तो लहान पोरासारखा हमसून रडला, डावा हात खाटेवर आपटत. रडून रडून घसा कोरडा पडला तेव्हा त्याने ग्लास मागितला आणि सगळा प्याला. तिला वाटलं, चला, सुटलो. वाईट झालं, पण एकदाचं झालं.

तासाभराने ती पुन्हा ग्लास घेऊन गेली. मारोतीने दात आवळले. चेहरा मात्र खुललेला होता, त्या दिवशी साधना येऊन गेल्यावर होता तसा.

"नोको," तो म्हणाला. "उद्या पौर्णिमा हाये."

सत्यशीला ग्लास हातात धरून उभी राहिली. आठातला एक झाला होता. मग ती खाटेवर बसली, त्याचा डावा हात आधीच आपल्या हातात घट्ट धरला आणि म्हणाली, "पौर्णिमा होऊन गेली जी."