आईच्या तोंडी घातलेले शब्द

आई परिचारिका होती. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला कुशीवर कसं वळवायचं, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून काय करायचं, हे तिने निवृत्तीनंतर स्वतःच्या आवाजात सांगून वेबसाइटवर ठेवलं होतं. कुणीही यावं, ऐकावं. ती गेल्यावर लेकीने ते तसंच चालू ठेवलं.

एकदा बाबा औषधांच्या दुकानातून रिकाम्या हाताने परतले.

"तुझी आई तेल विकतेय," ते म्हणाले. "दुकानात तिच्या आवाजात जाहिरात लागली होती. जन्मभर तेलवाल्यांशी भांडली, आणि आता..."

लेकीने फोनवर जाहिरात शोधली. आवाज आईचाच, वाक्याआधीच्या खाकरण्यासकट. या तेलाने पेशंट महिन्यात चालू लागतो, असं ती सांगत होती. वेबसाइटवरचा आवाज उचलून कुणीतरी यंत्राकडून तिच्या आवाजात हे बोलवून घेतलं होतं. तक्रार केली, तर एक जाहिरात निघायची आणि दुसरी उगवायची.

लेकीने वेबसाइटला पासवर्ड घातला. पानावर फक्त आपला फोन नंबर ठेवला.

"चोरांनी न्यायचं ते नेलंच," बाबा म्हणाले. "आता बाहेर राहिली ती गरजू माणसं. उघड ते. तिने लोकांसाठीच केलं होतं."

"त्यांना फसवायला नव्हतं केलं, बाबा!"

बाबा उठून आत गेले.

शेवटी लेकीने आईची वाक्यं लिहून काढली, स्वतः वाचून रेकॉर्ड केली आणि वेबसाइट पुन्हा सगळ्यांना खुली केली. आईचा आवाज तेवढा घरच्या संगणकात राहिला.

मग एका बाईंचा फोन आला. त्यांच्या नवऱ्याला पक्षाघात झाला होता.

"सिस्टरांचा आवाज का काढलात हो?"

लेकीने सगळं सांगितलं.

"ते तेल मी घेतलं," बाई म्हणाल्या. "सिस्टर सांगतायत म्हणून. व्यायाम बंद केले. यांचा हात आखडला तो आखडलाच."

"आईचं मूळ रेकॉर्डिंग पाठवू का? फक्त तुम्हाला?"

"नको. आता तो आवाज ऐकला की भीतीच वाटते. तुम्ही वाचलंय तेच लावीन."

फोन ठेवला तेव्हा बाबा दारात उभे होते.

"काय म्हणत होत्या?"

"आईची आठवण काढत होत्या," लेक म्हणाली आणि तोंड धुवायला उठली.