जानरावांची उशी

अकोटच्या चिताऱ्यानं माजघराच्या भिंतीवर हात फिरवला आणि तो हसला. "बाई, या खडबडीत भिंतीवर हत्ती काढला तर त्याची म्हैस होईन. परवा येतो. भिंत नीट नसली तर मी चाललो चांदूर बाजारले. तिथंबी लगन हाय."

लेकीच्या लग्नात देवकामागे हत्ती नाही? मनकर्णा पदर खोचून उठलीच. खुरप्यानं तिनं भिंतीचे उंचवटे तासले. खड्डे भरायला पांढरी माती चाळून भिजवली. पण मातीत पिंजलेला कापूस कालवला नाही, तर ती वाळताना तडकते. अन् कापूस आणायचा कुठून? त्या साली अमेरिकेतल्या लढाईमुळं तिकडचा कापूस अडला होता, विलायतेच्या गिरण्यांना वऱ्हाडाचाच कापूस हवा होता. व्यापाऱ्यांनी घरात बोंडसुद्धा उरू दिलं नव्हतं.

मनकर्णानं नवऱ्याची उशी उसवली.

"काहून फाडून राहिली व?" जानराव ओरडले. "आता मी डोकं कशावर ठेवू?"

"भिंतीले टेकवा. कापूस तिथंच चालला!"

जानरावांनाही हसू फुटलं. तेच माती कालवायला बसले. मनकर्णानं लेप दिला, ओलसर असतानाच नदीतल्या गुळगुळीत गोट्यानं घोटला. वाळल्यावर डोळे मिटून भिंतीला गाल लावला. कुठंच टोचलं नाही, एकही तडा नव्हता!

चितारी आला. हत्तीच्या पाठीची रेघ त्यानं एका दमात ओढली.

"बाई, हे भिंत हाय का उशी?"

मनकर्णा जानरावांकडे पाहून इतकी हसली, की चितारी कुंचला हातात धरून बघतच राहिला.