फोटोतले बाबा

मुंगी नावाची ती चिमुरडी पलंगाखाली शिरली ती शिरलीच. छाती अशी धडधडत होती, की बाहेरच्याला ऐकू जाईल म्हणून पोरीने उराशी उशी दाबून धरली. भीती कशी, तर ओल्या फडक्यासारखी अंगाला चिकटलेली.

बाहेरच्या खोलीत तो माणूस बसला होता. आईने हाताला धरून गाडीतून उतरवलेला. अर्धा चेहरा मेण वितळून गोठावं तसा, एक भुवई नाहीच, आवाज घोगरा. "मुंगे, ये ना," म्हणाला, तेव्हा तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. आपलं नाव याला कुणी सांगितलं?

"अगं, बाबा आहेत ते," आई वाकून म्हणाली. "बेकरीत भट्टीचा भडका उडाला, भाजलं त्यांना. सांगितलं होतं ना?"

"बाबा तिथे आहेत," मुंगीने भिंतीकडे बोट केलं.

भिंतीवर फोटो होता. दाट मिशी, गालावर खळी. बाबा दवाखान्यात गेल्यापासून आई रोज झोपताना तिला त्यापुढे उभी करायची. आधी फोटोला पापी, मग देवाला हात जोडायचे : माझे बाबा परत पाठव. पोरीने बापाला विसरू नये म्हणून आई झटली, आणि पोरीने मिशी नि खळी तेवढी पाठ केली. आईला हे आत्ता उमगलं.

"देवाने दुसरंच कुणी पाठवलंय," मुंगी हुंदका गिळत म्हणाली. "परत ने म्हणावं."

"नाही गं राणी. चेहरा भट्टीने नेला, माणूस देवाने आपल्याला ठेवलाय. विश्वास ठेव."

"कशावरून?"

पदर तोंडाला लावून आई स्वयंपाकघरात गेली.

मग खुर्ची सरकली. पावलं जवळ आली. उंबऱ्याशी दोन पाय थांबलेले दिसले आणि मुंगीने डोळे गच्च मिटले. आता हात आत येणार, आता ओढणार!

हात आला नाही. डोळे किलकिले केले, तर तो उंबऱ्याबाहेर पाठमोरा बसलेला.

"तुला दिसणार नाही असा बसलोय," घोगरा आवाज म्हणाला. "तिथे धूळ असेल. शिंका येतील."

"नाही येत," म्हणता म्हणता सटकन एक आलीच.

"बघ! भूक लागली की सांग हं. मी भिंतीकडे तोंड करीन, तू खुशाल जा."

मुंगीला एकदम आठवलं. शाळेच्या पहिल्या दिवशी ती फाटकाशी अडून बसली होती. बाकीचे आईबाप पोरांना ओढत होते, आणि बाबा तिच्या शेजारी धुळीत फतकल मारून बसले होते. तिला आत जावंसं वाटेपर्यंत. हाही तसाच, न ओढणारा माणूस.

त्याचे खांदे हलत होते.

"रडताय?"

"नाही. घाबरलोय."

"कुणाला?"

"तुला. तू जा म्हणालीस तर कुठे जाऊ?"

मुंगी सरपटत बाहेर आली. त्याच्या पाठीला पाठ लावून ती बसली.

"इतक्यात वळायचं नाही."

"बरं."

पाठ उबदार होती. श्वासाबरोबर हलत होती.

"बाबा."

"काय गं?"

"आता वळा. पण हळूच हं."