पाठीवरची नावं

मित्रांनो, मला जुना म्हणा, हवं तर झिजलेला म्हणा. पण मी अजून उमटतो! देगू शहरातल्या एका इस्पितळातला मी काळा मार्कर. खोक्यांवर आकडे लिहिण्यातच माझा जन्म जायचा, पण ती साथ आली.

नखशिखांत पांढरे पोशाख चढवले की कोण कोणाला ओळखणार? म्हणून आत जाण्याआधी प्रत्येक जण पाठ वळवून उभा राही आणि बो-राम सिस्टर माझ्याकडून पाठीवर त्याचं नाव लिहून घेई. तिचं अक्षर मोत्यासारखं, त्यामुळे कौतुक मात्र माझंही व्हायचं. मी चांगलाच शेफारलो होतो.

बो-राम तीन आठवडे घरी गेली नव्हती. कोणी विचारलं की म्हणायची, "मी बरी आहे." लोकांनी प्रेमाने पाठवलेला गिंबापचा, म्हणजे भाताच्या गुंडाळ्यांचा डबा माझ्याशेजारी तसाच सुकत पडलेला असे. मला तिची फार काळजी वाटायची.

एके सकाळी मुख्य सिस्टर कुम-सुक यांनी पाठ वळवली. बो-रामने लिहिलं. मागची सिस्टर हसली, "अगं, ताईंचं बारसं केलंस की काय? ओ बुन-ई कोण?"

कुम-सुकताई मात्र हसल्या नाहीत. ओ बुन-ई म्हणजे सहा नंबरच्या खाटेवरची आजी. आदल्या दुपारीच ती गेली होती. लेकीला आत येता येईना, म्हणून शेवटी बो-रामनेच फोन आजीच्या कानाशी धरला होता.

"चुकलं ताई! पोशाख वाया गेला. दुसरा घाला, लगेच लिहिते."

"पोशाखाचं राहू दे. तू झोपतेस का?"

"मी बरी आहे."

"बरी म्हणे! आज नाव चुकलं, उद्या औषध चुकलं तर?"

"मी सुट्टी घेतली तर माझं काम या सगळ्यांवर पडेल, ताई."

"पडू दे. आपल्या लोकांसाठी नेमलेल्या समुपदेशक बाईंना फोन कर. मीही करते. भोकाड पसरते चक्क."

"तुम्ही?"

"का? मी काय दगडाची आहे?"

बो-राम हसता हसता रडू लागली.

"आता घरी जा," ताई म्हणाल्या. "आणि हा पोशाख मी बदलणार नाही. आज आजी माझ्याबरोबर ड्यूटीला. मला काय, सगळे ओरडण्यावरूनच ओळखतात."

दहा दिवसांनी बो-राम परतली. आईने कोंबून कोंबून खायला घातल्याची तक्रार करत होती. आल्या आल्या तिने मला उचललं आणि पोशाखाच्या खोलीतल्या भिंतीवर समुपदेशक बाईंचा नंबर ठळक लिहिला. खाली लिहिलं, 'मी फोन केला. बो-राम.'

सगळे इकडेतिकडे बघू लागले. मग पाठ वळवून उभे असलेले मोठे डॉक्टर पुढे आले, त्यांनी मला मागून घेतलं आणि तिच्या नावाखाली आपलंही नाव लिहिलं. संध्याकाळपर्यंत भिंत भरली. इतकं सुखाचं काम मी आयुष्यात केलेलं नाही.

मित्रांनो, तुमची काळजी घेणारं माणूस 'मी बरी आहे' म्हणालं, तर तेवढ्यावर निघून जाऊ नका. जरा थांबा आणि पुन्हा एकदा विचारा.