शुक्रवारी पेटवायचा हीटर

बोलतोय तो एका कॅरॅव्हॅनमधला, म्हणजे गाडीमागे ओढायच्या फिरत्या घरातला, गॅसचा हीटर. सध्या मुक्काम लंडनमधल्या स्टॅनमोरला, मालकांच्या गॅरेजात, लॉनमोअरच्या शेजारी, फरशीवर. जन्म जर्मनीतल्या कारखान्यातला, पण आयुष्य गेलं ते शिमोन आणि मिल्का यांच्या कॅरॅव्हॅनमध्ये, कपाटाखालच्या कोनाड्यात. एकोणीस वर्षं. वाईट वाटतंय का, असं विचाराल तर नीट सांगता येणार नाही. गार पडून राहिलं की काही वाटेनासं होतं.

शिमोन आणि मिल्का मूळचे मुंबईचे बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. शुक्रवारी सूर्य मावळला की शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत त्यांचा शब्बाथ. तेवढ्या वेळात विस्तव पेटवायचा नाही. आधीपासून पेटलेला असेल तर चालतो. त्यामुळे शुक्रवारी दुपारी माझा भाव भलताच वधारायचा.

त्यांची मुलगी ऑर्ली एडिनबराला हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. तिचा फ्लॅट काडेपेटीएवढा. म्हणून ही दोघं कॅरॅव्हॅन घेऊन शहराबाहेरच्या एका साध्या साइटवर उतरायची. तिथे विजेची सोय नाही, सगळी मदार माझ्यावर. ऑर्ली शब्बाथ फारसा पाळत नाही, पण शनिवारी जेवायला न चुकता यायची.

मला पेटवायचं काम मिल्काचं. गुडघ्यावर बसायची, बटण दाबायची आणि खालच्या काचेतून ज्योत बघायची. ज्योत आली तरी बटण लगेच सोडायचं नसतं. वीसेक सेकंद दाबून धरावं लागतं, नाहीतर मी विझतो. तेवढ्या वेळात ती नवऱ्याला कामाला लावायची.

"अहो, मेणबत्त्या काढा. ती नाही, दुसरी पिशवी. टेबलक्लॉथ कुठाय?"

त्यामुळे मी पेटताना शिमोनची माझ्याकडे कायम पाठ. कॅरॅव्हॅन आपोआप गरम होते, असाच त्या भल्या माणसाचा समज असावा.

गेल्या मार्चात मिल्का वारली. त्यानंतर आम्ही साइटवर गेलो ते थेट डिसेंबरात. ऑर्ली म्हणत होती फ्लॅटवर ये, पण शिमोनने ऐकलं नाही.

डिसेंबरात स्कॉटलंडमध्ये पावणेचारच्या आतच सूर्य मावळतो. शुक्रवारी सव्वातीनला तो माझ्यासमोर गुडघ्यावर बसला. बटण दाबलं, ठिणगी उडाली, ज्योत आली. त्याने हुश्श करून बोट काढलं आणि मी विझलो. पुन्हा दाबलं, पुन्हा ज्योत, पुन्हा हुश्श. अरे बाबा, जरा थांब, असं ओरडावंसं वाटत होतं मला. अकरा वेळा झालं असं. मग त्याने घड्याळ पाहिलं, खिडकीबाहेर पाहिलं आणि हात मागे घेतला. मेणबत्त्या लावायच्याही राहिल्या. कोट घालून, ब्लँकेट ओढून तो बाकावर बसला, आणि मी त्याच्या पायाशी थंडगार. त्या रात्री नळातलं पाणी गोठलं.

सकाळी ऑर्ली आली तेव्हा त्याला कप धरता येत नव्हता. बोटं पांढरी पडली होती.

"पपा! फोन का नाही केला?"

"शब्बाथला फोन?"

"हीटर लावायला विसरला तू. यू फरगॉट, पपा!"

शिमोनने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "हो. विसरलो."

साफ खोटं. पण ते मला एकट्यालाच ठाऊक. ऑर्लीने त्याला गाडीत घातलं आणि घेऊन गेली.

तिच्या मनाने घेतलं की पपांची मेमरी गेली, आता कॅरॅव्हॅन विकलेली बरी. शिमोनने मात्र हट्ट धरला, कॅरॅव्हॅन राहणार. शेवटी तडजोड म्हणून मला बदलायचं ठरलं. शिमोन कॅरॅव्हॅनमध्ये येऊन बसायचा, ऑर्लीचा फोन स्पीकरवर ठेवायचा, आणि माझ्यासमोरच माझी चर्चा. गॅसचा हीटर आवाज करत नाही, बॅटरी खात नाही, पण सिलिंडर उचलावे लागतात. डिझेलचा घरघरतो, त्याला बॅटरी लागते, पण टायमर असतो. गुरुवारी वेळ लावून ठेवली की शुक्रवारी कशाला हात लावायला नको.

"हं," शिमोन म्हणायचा. एकदाच थोडं जास्त बोलला. "कोकणात आपले पूर्वज तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे. शनवार तेली म्हणायचे आपल्याला. आणि तू मला शनिवारीच तेल जाळायला सांगतेस?" त्या हिवाळ्यातला त्याचा हा एकमेव विनोद. त्यावर तो स्वतःही हसला नाही.

जेरेमी नावाचा फिटर आला तेव्हा ऑर्ली रजा काढून स्टॅनमोरला आली होती. मला काढण्याआधी त्याने एकदा पेटवून पाहिलं. बटण दाबून धरलं, गप्पा मारल्या, सोडलं. मी पेटलेलाच राहिलो. ह्याला काही झालेलं नाही, तो म्हणाला, ज्योत आल्यावर वीस सेकंद बटण सोडायचं नाही, एवढंच.

"वीस?" शिमोन म्हणाला. "मी लगेच सोडत होतो."

ऑर्ली त्याच्याकडे बघतच राहिली. "म्हणजे तू ट्राय केलं होतं? मग विसरलो का बोलला?"

"तुझ्या मम्मीशिवाय मला हीटरसुद्धा लावता येत नाही, हे काय सांगायचं तुला?"

जेरेमी हत्यारं आणायच्या निमित्ताने बाहेर गेला. ऑर्लीने डोळे पुसले. "मग आता कळलं ना? गॅसच ठेवूया पपा. आय'ल शो यू."

"नको. डिझेलचाच बसवू दे. हे तिचं काम होतं. मला शिकायचं नाही."

त्यानंतर दोघं माझ्यासमोर शेजारी शेजारी बसली, तळवे माझ्याकडे करून. मी चांगला तापलो होतो. मला तेव्हा वाटलं, सगळं वाटलं. मग शिमोन वाकला आणि त्याने मला बंद केलं. ते त्याला शिकवावं लागलं नाही. दर रविवारी निघताना मला विझवायचं काम त्याचंच असायचं.

डिझेलचा हीटर बरा चाललाय म्हणतात. शिमोन परवाच एडिनबराला जाऊन आला, एकटा. मला न्यायला उद्या भंगारवाला येईल. चालतो का, असं तो विचारेल. चालतो म्हणून सांगा.