तीन धोंड्यांची चूल

आमचे हे भूमापन खात्यातून निवृत्त झाले, पण त्यांचं पावलं मोजणं काही निवृत्त झालं नाही. हिंगोलीतल्या आमच्या घरापासून दूधवाल्यापर्यंत दोनशे बारा, विहारापर्यंत सहाशे चाळीस. लग्नाला गेलो तर नवरानवरीकडे न बघता दारापासून स्टेजपर्यंतचा आकडा माझ्या कानात सांगतात. चौतीस वर्षं ऐकून माझे कान किटले. शेवटी एकदा मी स्पष्टच सांगितलं, "बुद्धभूषण साहेब, मोजा खुशाल, पण मनात मोजा. मला आकडा सांगायचा नाही."

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते, तेव्हा संगिताचा फोन आला. संगिता साखऱ्याजवळच्या तांड्यावरची आशा कार्यकर्ती. मी तिकडे उपकेंद्रात सिस्टर होते आणि आम्ही दोघींनी मिळून तिथली निम्मी पोरं या जगात आणली आहेत.

"ताई, रानातली शेवटची सीताफळं हायत. सायबाला घिऊन या. मंग वर्षभर न्हाई."

मला एवढंच हवं होतं. सकाळीच स्कूटी काढली. दोन्ही बाजूंना तूर पिवळी फुलली होती, सोयाबीन निघालेल्या रानांत हरभरा बोटभर वर आला होता, आणि वारा असा की गाणं म्हणावंसं वाटावं. मी तोंड उघडणार तेवढ्यात मागच्या सीटवरून आवाज आला, "या वळणापासून पूल सव्वादोनशे मीटर." मी हॉर्न वाजवला. रस्त्यावर कुणी नव्हतं.

तांड्यावर स्कूटी लावून आम्ही जंगलात शिरलो. संगिता साध्या चपलांवर पुढे आणि मी लेकीने पाठवलेल्या महागड्या बुटांवर घसरत मागे. सुरुवातीला पळस, टेंभुर्णी, मध्येच काटेरी झुडपं. मग वन खात्याने लावलेला साग लागला, एका मापाचा, एका रांगेतला. खाली वाळल्या पानांचा नुसता कचकचाट. सीताफळीच्या झुडपांवर एक फळ नव्हतं. वानरांनी पोकळ केलेली टरफलं तेवढी लोंबत होती.

"अगं, मग शेवटची सीताफळं कुठायत?" मी विचारलं.

"खड्ड्यात हायत. चार दिसाखाली पिकत घातली, अकरा फळं. जमिनीच्या उबेत लई गोड व्हतात." मग तिचा आवाज उतरला. "ज्योतीसाठी घातली, ताई. पोटात अन्न ठरून नाही राहिलं तिच्या. पाचवा सरला, वजन वाढायचं सोडून उतरून राहिलं. पुण्यातली सीताफळं खाल्ली, ती बी पडली. म्हणते, आई, आपल्या रानातलं पायजे. आज सांजच्या ट्रॅव्हल्सनं रणजीत घिऊन जातो बहिणीसाठी."

संगिताची ही लेक माझ्याच हातांवर जन्मली. तिच्या औषधांची नावं मी फोनवर विचारून घेतली होती, सगळी बरोबर होती. पण डोहाळ्यांपुढे औषधाचं चालत नाही, हे मी नोकरीत शंभरदा पाहिलेलं. मलाही आता त्या अकरा फळांची काळजी लागली.

"आधी चहा घिऊ, मंग खड्डा उकरू," म्हणून संगिता घागर घेऊन ओढ्याकडे गेली. मी काटक्या गोळा करायला लागले आणि ह्यांना सांगितलं, "रिकामे उभे राहू नका, चुलीला तीन धोंडे बघा."

पाच मिनिटांत हे हजर. गळ्यातल्या टॉवेलात तीन धोंडे बांधून पाठीवर टाकलेले. "एकाच जागी मिळाले. कुणीतरी सोय करून ठेवली होती बघ," म्हणाले. धोंडे खरंच नामी होते, नारळाएवढे. मी चूल मांडली, जाळ केला, आणि नवऱ्याचं चक्क कौतुक केलं. तेच नडलं.

संगिता घागर घेऊन आली आणि जागच्या जागी थांबली.

"ताई, हे धोंडे कुठले?"

सांगितलं.

तिने घागर खाली ठेवली. "तीन धोंडे म्हंजे खड्ड्याची खूण व्हती, ताई. वर पानं पसरतो, वानराला कळू नये म्हणून. आमच्या तांड्यातलं शेंबडं पोरगंबी तीन धोंड्याला हात लावत न्हाई."

मी ह्यांच्याकडे वळले. "जन्मभर लोकांना सांगत आलात, हद्दीचे दगड हलवू नका, दगड हलवणं गुन्हा आहे! आणि आता?"

"तूच म्हणालीस, तीन धोंडे बघा."

"बघा म्हणाले! उचला म्हणाले होते का?"

संगिता सागाच्या दोन रांगांमध्ये पानं उकरायला बसली होती. इथे उकर, तिथे उकर. सगळी झाडं सारखी, सगळा पाचोळा सारखा. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ती ते आम्हाला दिसू देत नव्हती. मला जमीन दुभंगून आत घेईल तर बरं, असं झालं.

"चौऱ्याऐंशी," हे हळूच म्हणाले.

"काय?"

"येताना चौऱ्याऐंशी पावलं झाली. ऊन सरळ तोंडावर होतं. तू आकडा सांगायचा नाही म्हणालीस म्हणून बोललो नाही."

आम्ही तिघं निघालो. उन्हाकडे पाठ करून हे पुढे, ताठ, मोजत. चौऱ्याऐंशीला थांबले. आम्ही उकरलं. खाली कडक माती. डावीकडे, उजवीकडे, तेच. संगिता म्हणाली, "ऱ्हाऊ द्या सायेब. तुमी काय मुद्दाम केलं व्हय."

तिने रागावलं असतं तर बरं वाटलं असतं. ह्यांनी कपाळाचा घाम पुसला आणि एकदम म्हणाले, "माझ्या पाठीवर वजन होतं."

आणि उलट्या पावली चुलीकडे गेले. जाळ विझवला. ओढ्याच्या पाण्याने धोंडे गार केले, टॉवेलात बांधले, पाठीवर टाकले. मग पुन्हा उन्हाकडे पाठ करून निघाले, वाकलेले, दुखऱ्या गुडघ्याने आखूड पावलं टाकत. या वेळी मोठ्याने मोजत. मी शेजारून चालत होते. एक आकडा चुकू नये म्हणून मीसुद्धा मोजत होते, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

पहिल्या जागेच्या वीसेक पावलं अलीकडेच चौऱ्याऐंशी भरले. ह्यांनी धोंडे खाली ठेवले. संगिताने पाचोळा बाजूला सारला, आणि वास आला. आधी वास, मग खाली पळसाच्या पानांत गुंडाळलेली मऊ, गच्च पिकलेली सीताफळं. संगिता हसायला लागली आणि रडायलाही. दहा तिने ओटीत घेतली. अकरावं फोडून अर्धं ह्यांच्या हातावर ठेवलं. आयुष्यात इतकं गोड मी काही खाल्लं नाही, आणि मला मिळालं ते उरलेल्या अर्ध्यातलं अर्धं. तीन धोंडे तिने जागेवर परत मांडले, पुढच्या वर्षासाठी.

परत येताना स्कूटीवर हे गप्प होते. पूल आला, वळण आलं, आकडा आला नाही. मला ते आवडलं नाही.

दोन दिवसांनी सकाळी संगिताचा फोन आला. "ताई, काल दोन खाल्ली, आज एक खाऊन वर भाकर खाल्ली. पोटात ठरलं सगळं. सायबाला सांगा."

फोन ठेवला तर हे फाटकातून आत येत होते, हातात दुधाची पिशवी. मी दारातच सगळं सांगितलं. हे नुसते हसले. चपला काढायला वाकले, तेव्हा मी विचारलं, "किती झाली हो आज?"

हे संशयाने माझ्याकडे बघायला लागले. "खरंच विचारतेस?"

"खरंच."

"दोनशे बारा. पण ती जातानाची. रिकाम्या हाताने." थोडा वेळ पिशवीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "येतानाची वेगळी असतील. थांब."

आणि दुधाची पिशवी घेऊन पुन्हा दूधवाल्याकडे निघाले. मी चहाचं आधण ठेवलं आणि दारात वाट बघत उभी राहिले.